संक्रांतीच्या महिन्यातला खेळ: जर्मनीतल्या महाराष्ट्र मंडळांना खुलं पत्र

जर्मनीतल्या सगळ्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणीतल्या ताई-दादांना आणि सभासदांना,

सप्रेम नमस्कार.

जानेवारीतल्या एकाच शनिवारी आपल्याकडे बहुतेक वर्षी दोन गोष्टी येतात. दुपारी भाड्याच्या सभागृहात तिळगूळ आणि हळदीकुंकू, आणि संध्याकाळी टीव्हीवर जर्मनीच्या पुरुष हँडबॉल संघाचा सामना. विश्वचषक असो की युरोपीय अजिंक्यपद, पुरुष हँडबॉलच्या मोठ्या स्पर्धा संक्रांतीच्या आगेमागेच भरतात. पहिली गोष्ट आपण मनापासून करतो. दुसरीकडे आपलं लक्षच जात नाही. माझंही बरीच वर्षं गेलं नव्हतं. मुलगा गावातल्या फेराइनमध्ये, म्हणजे क्रीडामंडळात, हँडबॉल खेळायला लागला आणि शनिवार-रविवार मी हॉलच्या बाकावर बसू लागले, तेव्हा कळलं की आपण ज्या देशात मुलं वाढवतोय त्या देशाची एक अख्खी गोष्ट आपल्या कानावरच आलेली नाही.

ती गोष्ट तुम्हाला सांगावी म्हणून हे पत्र. शेवटी एक मागणंही आहे.

मी सांगलीची. शाळेत कबड्डी खेळले. त्यामुळे हँडबॉल पहिल्यांदा पाहिला तेव्हा परका वाटलाच नाही. इथेही एका बाजूला सातच जण. चाळीस मीटर लांब, वीस मीटर रुंद मैदान, तीस-तीस मिनिटांचे दोन डाव, अंगाला अंग भिडवून खेळायचं आणि पडलं की ताबडतोब उठायचं. आणखी एक साम्य मला त्याहून मोलाचं वाटतं. जर्मनीत हा खेळ मोठ्या शहरांनी वाढवला नाही, छोट्या गावांनी वाढवला. गुमर्सबाख, गोपिंगन, लेम्गो, ग्रोसवालश्टाट. आपल्याकडे कबड्डीचा खेळाडू म्हटला की पहिला प्रश्न असतो, कुठल्या गावचा, कुठल्या मंडळाचा? इथे हँडबॉलवाल्यांचं तसंच आहे. देशाच्या हँडबॉल संघटनेचे सात लाखांहून जास्त सभासद आहेत, आणि त्यातले कितीतरी जण अशाच गावांतून, आईबापांनी विकलेल्या केकच्या पैशांवर चालणाऱ्या क्लबांतून आलेले आहेत.

खेळाचा जन्म बर्लिनचा. १९१७ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, माक्स हायझर यांनी मुलींसाठी नियम लिहून काढले. दोन वर्षांनी कार्ल शेलेन्झ यांनी ते बदलून पुरुषांसाठी केले. तेव्हा हँडबॉल फुटबॉलच्या मैदानावर, अकरा-अकरा जणांत खेळत. जर्मनीनं पहिला आंतरराष्ट्रीय सामना १३ सप्टेंबर १९२५ रोजी हाले शहरात ऑस्ट्रियाशी खेळला आणि ३–६ असा गमावला. ज्यांनी खेळ जन्माला घातला तेच पहिल्या परीक्षेत नापास झाले. मुलाला हे सांगितलं तेव्हा त्याला फार बरं वाटलं, कारण त्याचा संघ त्याच आठवड्यात हरला होता.

पुढचा भाग मुलांना सांगताना मी थोडी थांबते, पण गाळत नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये हँडबॉल होतं. भर पावसात सुमारे एक लाख लोकांसमोर जर्मनीनं ऑस्ट्रियाला १०–६ हरवून सुवर्ण घेतलं. ते ऑलिम्पिक हिटलरनं जगाला दाखवायला सजवलेलं होतं, हे त्या सुवर्णाबरोबर सांगावंच लागतं. फेब्रुवारी १९३८ मध्ये बर्लिनच्याच हॉलमध्ये पहिला बंदिस्त मैदानावरचा विश्वचषक झाला. चार संघ, दोन दिवस. जर्मनी पहिली, ऑस्ट्रिया दुसरी. पुढच्याच महिन्यात जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरलं आणि दुसऱ्या क्रमांकाचा तो देश नकाशावरून पुसला गेला. नुसती पदकं मोजत गेलो तर ही रेघ दिसत नाही. इथल्या शाळा हा काळ मुलांपासून लपवत नाहीत. आपणही लपवू नये.

युद्धानंतर देशाचे दोन तुकडे झाले. १९५८ चा विश्वचषक पूर्व जर्मनीत भरला, तेव्हा दोन्ही जर्मनींनी मिळून एकच संघ उतरवला आणि कांस्य जिंकलं. पुढे भिंत उभी राहिली आणि संघही दोन झाले. हँडबॉल ऑलिम्पिकमध्ये परतलं ते १९७२ साली, म्युनिकला. आता बंदिस्त मैदानावर, सात-सात जणांचं. यजमान पश्चिम जर्मनी सहावी आली आणि पूर्व जर्मनी चौथी.

आता ६ मार्च १९७६ बद्दल सांगते, कारण हा दिवस मला विसरता येत नाही. मॉन्ट्रियल ऑलिम्पिकच्या पात्रता गटात दोन्ही जर्मनी एकमेकांसमोर आल्या. म्युनिकमधला पहिला सामना पश्चिमेनं १७–१४ जिंकला होता. परतीचा सामना पूर्वेत, कार्ल-मार्क्स-श्टाट इथे. आज त्या शहराला पुन्हा केम्निट्झ म्हणतात. सामना संपायला काही सेकंद उरले असताना पूर्व जर्मनी ११–८ अशी पुढे होती आणि तिला सात मीटरवरून पेनल्टी मिळाली. गट तिघांचा होता आणि गोलांच्या हिशेबात दोन्ही संघ अगदी काठावर उभे होते. हा एक गोल झाला की ऑलिम्पिकचं तिकीट पूर्वेचं, नाहीतर पश्चिमेचं. फेकायला हान्स एंगेल, गोलमध्ये मानफ्रेड हॉफमन. हॉफमननं पाय टाकला आणि चेंडू अडला.

दोघांची भाषा एक. दोघांच्याही घरी ख्रिसमसला तीच गाणी. त्या हॉलमधल्या कितीतरी लोकांचे मामा, काका, आत्या भिंतीपलीकडे राहत असतील. सीमेच्या दोन बाजूंना वाटलेल्या माणसांची दुखणी आपल्या उपखंडाला कुणी समजावून सांगायला नकोत. आमच्या शेजारी केम्निट्झचे एक आजोबा राहतात. तो सामना त्यांनी पूर्वेच्या बाजूनं पाहिला होता. त्याविषयी ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले तेव्हा आमची ओळख चार वर्षांची झाली होती. तोवर आम्ही फक्त कचऱ्याच्या डब्यांच्या दिवसांविषयी बोलत होतो. माझ्या मोडक्या जर्मनला जे दार उघडता आलं नव्हतं, ते हॉफमनच्या पायानं उघडलं.

दोन वर्षांनी, ५ फेब्रुवारी १९७८ रोजी, कोपनहेगनमध्ये पश्चिम जर्मनीनं सोव्हिएत संघाला २०–१९ हरवून विश्वचषक जिंकला. त्या अंतिम सामन्यात डीटर वाल्टके नावाचा खेळाडू, सगळे त्याला जिमी म्हणत, राखीव बाकावरून उठून आला आणि लागोपाठ तीन गोल करून गेला. संघाचा प्रशिक्षक होता व्लादो स्टेन्झेल, झाग्रेबचा. त्यानंच १९७२ मध्ये युगोस्लाव्हियाला ऑलिम्पिक सुवर्ण मिळवून दिलं होतं. बाहेरून आलेल्या माणसानं या संघाला जगज्जेता केलं. हे वाक्य मनात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

त्या संघाचा मोठा तारा योआखिम डेकार्म. १०४ सामने, ३८१ गोल, वय पंचविशीत. ३० मार्च १९७९ रोजी हंगेरीतल्या ताताबान्या इथे क्लबच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याशी टक्कर होऊन तो पडला आणि डोकं जमिनीवर आपटलं. काँक्रीटवर पातळ अंथरण घातलेली ती जमीन होती. १३१ दिवस तो कोमात होता. शुद्धीवर आल्यावर बोलणं, चालणं सगळं पहिल्यापासून शिकावं लागलं, आणि ते शिकवायला लहानपणीचे प्रशिक्षक पुढे आले. वर्षानुवर्षं, रोजच्या रोज. मैदानावर तो परत कधी आला नाही. पण हँडबॉलवाल्यांनी त्याला टाकलं नाही. जुने सहकारी भेटत राहिले, मदत उभी करत राहिले. तालमीतल्या वस्तादांनी पडलेल्या पोराला घरच्यासारखं सांभाळल्याच्या गोष्टी मी लहानपणी ऐकल्यात. म्हणूनच ही गोष्ट मला या संघाच्या कुठल्याही चषकापेक्षा मोठी वाटते.

१९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकवर पश्चिम जर्मनीनं बहिष्कार टाकला. पूर्व जर्मनी गेली आणि अंतिम सामन्यात यजमान सोव्हिएत संघाला जादा वेळेत २३–२२ हरवून आली. शेवटच्या क्षणी गोलरक्षक वीलांड श्मिटनं चेंडू अडवला. चार वर्षांनी लॉस एंजेलिसला उलटं झालं. पूर्वेनं बहिष्कार टाकला, पश्चिमेनं रौप्य मिळवलं. मग घसरण लागली. १९७८ चा जगज्जेता पश्चिम जर्मनीचा संघ १९८९ मध्ये घसरत घसरत जागतिक स्पर्धेच्या क गटात, म्हणजे तिसऱ्या पायरीवर जाऊन पडला. त्याच वर्षी भिंतही पडली. एक झालेला देश १९९२ ला बार्सिलोनात दहावा आला. दोन संघ एकत्र केले की आपोआप दुप्पट ताकद होत नाही. आपल्या मंडळांपैकी ज्यांनी दोन गटांचं एक मंडळ करून पाहिलंय त्यांना हे माहीत असेल. १९९७ च्या विश्वचषकाला तर हा संघ पात्रच ठरला नाही.

तिथून वर आणलं हाइनर ब्रांड यांनी. गुमर्सबाखचा मुलगा, १९७८ च्या जगज्जेत्या संघातला खेळाडू, भरघोस मिशांचा. १९९७ मध्ये त्यांनी प्रशिक्षकपद घेतलं. त्यानंतर २००२ च्या युरोपीय अजिंक्यपदात रौप्य, २००३ च्या विश्वचषकात रौप्य. २००४ मध्ये ल्युब्लियानात यजमान स्लोव्हेनियाला हरवून युरोपचं सुवर्ण, आणि त्याच उन्हाळ्यात अथेन्सला पुन्हा रौप्य. शेवटच्या पायरीवर अडकणाऱ्या माणसाची तडफड या वर्षांत दिसते.

आणि मग २००७. विश्वचषक घरच्या मैदानात. साखळीतच पोलंडनं हरवलं. गोलरक्षक हेनिंग फ्रिट्झ क्लबमध्ये बाकावर बसून कंटाळलेला होता, पण ब्रांडनी त्याच्यावरचा विश्वास सोडला नाही. उपांत्य सामन्यात फ्रान्सशी दोन वेळा जादा वेळ खेळावी लागली. निकाल ३२–३१. शेवटाला पंचांनी फ्रान्सचा एक गोल नाकारला आणि फ्रेंचांना तो निर्णय फार लागला, हेही सांगायला हवं. ४ फेब्रुवारीला कोलोनमध्ये अंतिम सामना, पुन्हा पोलंड. फ्रिट्झ मध्येच जखमी झाला, योहानेस बिटर आला आणि त्यानं किल्ला राखला. २९–२४. दीड कोटीहून अधिक लोकांनी तो टीव्हीवर पाहिला. बक्षीस समारंभात सगळ्या खेळाडूंनी ओठांवर ब्रांडसारख्या खोट्या मिशा चिकटवल्या होत्या आणि डोक्यावर कागदी मुकुट घातले होते. खेळाडू म्हणून आणि प्रशिक्षक म्हणून, दोन्ही वेळा विश्वचषक जिंकणारे ब्रांड पहिले जर्मन ठरले.

पण त्या संध्याकाळी समोरच्या बाकावर कोण होतं ते पाहा. पोलंडचा प्रशिक्षक बोगदान वेंटा. पोलंडचा खेळाडू, पुढे जर्मनीचा नागरिक, २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये जर्मनीकडून खेळलेला, आणि आता जन्मभूमीच्या संघाला घेऊन कर्मभूमीच्या संघाविरुद्ध उभा. जर्मनीच्या बाजूला ओलेग वेलिकी, युक्रेनमध्ये जन्मलेला, आणि आंद्रेय क्लिमोवेट्स, बेलारूसमधून आलेला. वेलिकी तीनच वर्षांनी कर्करोगानं गेला. जगज्जेता म्हणून गेला, जर्मनीचा म्हणून गेला.

आता त्या वाक्याकडे येते. १९७८ चा प्रशिक्षक झाग्रेबचा. २०१६ मध्ये कर्णधारासकट अर्धा डझन खेळाडू जखमी असताना, पहिलाच सामना स्पेनशी हरून, शेवटी क्रॅकोमध्ये त्याच स्पेनला २४–१७ असं लोळवून युरोपीय विजेता झालेला संघ. त्याचा प्रशिक्षक दागुर सिगुर्दसन, आइसलंडचा. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला संघ नेणारे आल्फ्रेड गिस्लासन, तेही आइसलंडचे. आणि त्या ऑलिम्पिकमधला उपांत्यपूर्व सामना, यजमान फ्रान्सशी, लिल शहरात. सहा-सात सेकंद उरलेली, फ्रान्स एका गोलानं पुढे, चेंडूही त्यांच्याच हातात. सामना संपल्यात जमा. फ्रान्सचा एक पास युलियान क्योस्टरनं अडवला, चेंडू रेनार्स उश्चिन्सकडे गेला आणि भोंगा वाजता वाजता त्यानं तो जाळ्यात टाकला. २९–२९. जादा वेळेत ३५–३४, शेवटचा फटका आंद्रेआस वोल्फनं अडवला. उश्चिन्सचे चौदा गोल.

हा उश्चिन्स कोण? मागदेबुर्गमध्ये जन्मलेला मुलगा. वडील लात्वियाचे, तिथल्या राष्ट्रीय संघातून खेळलेले, खेळण्यासाठीच जर्मनीत आलेले. म्हणजे कामासाठी या देशात आलेल्या माणसाचा इथे वाढलेला मुलगा. ताई-दादांनो, तुमच्या-माझ्या घरात जी मुलं आहेत तशाच घरातला. घरी वेगळी भाषा, शाळेत जर्मन, आजी-आजोबा दूर देशी. अंतिम सामन्यात डेन्मार्कनं ३९–२६ असा मोठा पराभव केला, पण रौप्यपदक गळ्यात घालून तो मुलगा उभा होता आणि त्याचं आडनाव कसं उच्चारायचं हे अख्ख्या जर्मनीनं शिकून घेतलं होतं.

ते पाहिल्यापासून माझ्या मनात हे पत्र घोळत होतं. आपण मुलांना टेनिस, पोहणं, पियानो, बुद्धिबळ, शनिवारी मराठी शाळा असं सगळं देतो. मंडळाच्या क्रिकेट स्पर्धा जोरात होतात, होऊ द्यात, मला त्या आवडतात. पण त्या स्पर्धांत आपण आपल्यातच असतो. हँडबॉलच्या हॉलमध्ये तसं राहता येत नाही. तिथे पालकांना पाळीपाळीनं संघाचे कपडे धुवायला न्यावे लागतात, केक करून आणावा लागतो, दुसऱ्याच्या मुलाला गाडीतून पंचवीस किलोमीटरवरच्या गावी न्यावं लागतं. पहिल्या वर्षी मला हे ओझं वाटलं. दुसऱ्या वर्षी लक्षात आलं की गावात मला नावानं हाक मारणारी माणसं या कामांतूनच मिळाली. माझा रव्याचा केक आता यादीत कायमचा आहे.

तर मागणं असं. जानेवारी २०२७ मध्ये पुरुषांचा विश्वचषक जर्मनीत होतोय, म्युनिक, श्टुटगार्ट, कोलोन, हॅनोव्हर, कील आणि मागदेबुर्ग इथे. यातली बहुतेक शहरं आपल्या माणसांच्या वस्तीपासून तासाभराच्या अंतरावर आहेत. संक्रांतीचा कार्यक्रम ठरवताना सामन्यांचं वेळापत्रक शेजारी ठेवा. मंडळाच्या नावानं एकगठ्ठा तिकिटं काढा, मुलांना न्या, आणि नेण्याआधी मराठी शाळेत एक तास या संघाची गोष्ट मराठीत सांगा. हॉफमनचा पाय, डेकार्मचे १३१ दिवस, ब्रांडच्या मिशा, उश्चिन्सचा गोल. सांगायला कुणी नसेल तर मला बोलवा, रेल्वेचं तिकीट मी माझं काढून येईन.

आणि त्याआधी, आत्ताच, तुमच्या गावातल्या फेराइनला विचारा. बहुतेक ठिकाणी दोन-तीन सराव पैसे न भरता करून पाहता येतात. मुलींचेही संघ असतात. मुलाला जर्मन नीट येत नाही म्हणून थांबू नका. माझा मुलगा पहिल्या दिवशी गप्प उभा होता. प्रशिक्षकानं काही न बोलता त्याच्याकडे चेंडू फेकला, त्यानं तो झेलला आणि परत फेकला.

ज्यांना आधी नुसतं पाहायचंय त्यांनी श्टुटगार्टच्या बाजूला येणं झालं तर आमच्या हॉलवर या. मोसमात जवळजवळ दर शनिवारी लहानांचे सामने असतात, तिकीट लागत नाही. आत शिरलं की डाव्या हाताला केकचं टेबल आहे. या महिन्यात तिथली पाळी माझी आहे.

आपली,
हँडबॉल खेळणाऱ्या एका मुलाची आई
मूळ गाव सांगली, मुक्काम श्टुटगार्टजवळ